‘आपण उघडे पडणार’ या भीतीची पार्श्वभूमी

परभणी-लातूरहून पुण्याच्या किंवा हैदराबादच्या आयटी कंपनीत रुजू झालेल्या अनेकांना सुरुवातीला एक शंका छळते: निवड चुकून झाली, आज ना उद्या आपण उघडे पडणार. या भीतीला ‘इम्पोस्टर फिनॉमिनन’ हे नाव १९७८ मध्ये पॉलीन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दिलं, तेही शिक्षणात आणि नोकरीत यशस्वी ठरलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांबरोबर काम करताना. हा आजार नव्हे.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात या भीतीला खतपाणी मिळतं ते रिव्ह्यूमुळे, म्हणजे सहकाऱ्यांनी आपला कोड तपासून शेरे देण्यामुळे. आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये कोड तपासणीची शिस्तबद्ध पद्धत मांडली, तेव्हाच बजावलं होतं की तिचे निकाल माणसाचं मूल्यमापन करायला वापरू नयेत. २००५ मध्ये कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आलं, २००८ मध्ये तो कोड ऑनलाइन ठेवून त्यावर शेरे देता येणारं गिटहब. आता प्रत्येक शेरा लेखी राहतो आणि अख्ख्या टीमला दिसतो. फॅगन यांचा इशारा मात्र नवख्यापर्यंत पोचतच नाही.

मराठवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. १९४८ पर्यंत इथे निजामाची राजवट होती आणि उच्च शिक्षणाचं केंद्र हैदराबादचं उर्दू माध्यमाचं उस्मानिया. स्वतःचं विद्यापीठ १९५८ मध्ये मिळालं, औरंगाबादचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झालं, नांदेडचं १९८१ मध्ये. त्यामुळे पुष्कळ घरांत आजची पिढीच पहिली इंजिनिअर आहे. ‘एका रिव्ह्यूत चौदा शेरे येणं नेहमीचंच’ हे सांगणारं घरात कुणी नसतं. त्यात परीक्षेची सवय अशी, की लाल शाई म्हणजे गुण गेले.

म्हणून शेरे आधी वेगळे करावेत. ‘इथे नल (रिकामी किंमत) आला तर प्रोग्रॅम कोसळेल’ ही खरी चूक. ती लगेच दुरुस्त करावी. ‘व्हेरिएबलचं नाव बदला’ हा टीमचा रिवाज. तो वहीत टिपून ठेवला की पुढच्या वेळी तो शेरा येत नाही. ‘हे असं का केलं?’ हा बहुतेकदा निव्वळ प्रश्न असतो. घाबरून कोड बदलू नये, कारण लिहावं. कोडच्या चारशे ओळी एकदम रिव्ह्यूला पाठवल्या तर शेरेही ढीगभर येतात. दीडशे-दोनशेच्या आत थांबलेलं बरं.

सगळ्यात जास्त नुकसान गप्प बसण्यानं होतं. दोन दिवस काही विचारलं नाही की टीम लीडला वाटतं काम मार्गी लागलंय. मग उशीर होतो आणि शंकेला पुरावा मिळतो. अर्धा तास स्वतः झगडावं, मग विचारावं. नुसतं ‘सर, होत नाहीये’ असं नको. काय करायचं होतं, काय झालं, एररचा पूर्ण मजकूर आणि आतापर्यंत काय करून पाहिलं, एवढं एकाच मेसेजमध्ये द्यावं. तो लिहितानाच कित्येकदा चूक सापडते.

झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं.