वॅटचा मोठा आकडा म्हणजे चांगला पॉवर सप्लाय नव्हे

कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय जास्त वॅटचा म्हणजे चांगला, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि कमी बजेटची खरेदी तोच बिघडवतो. खोक्यावरचा आकडा सोडा, सप्लायला चिकटवलेलं लेबल वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टच्या लाइनवरून घेतात. तिथे 25 अँपिअर लिहिलं असेल, तर 12 गुणिले 25, म्हणजे 300 वॅट. मग वर ठळक 500 छापलेलं असून उपयोग काय? ‘80 प्लस’चा शिक्काही फक्त कार्यक्षमता, म्हणजे वीज किती कमी वाया जाते ते सांगतो; आतले कपॅसिटर (वीज साठवून ती स्थिर ठेवणारे भाग) कसे आहेत, शॉर्टसर्किट झालं तर सप्लाय बंद पडेल का, हे नाही. पैसे कमी असतील तर खुशाल कमी वॅटचा घ्या, पण 12 व्होल्टवर जवळपास पूर्ण क्षमता देणारा आणि जास्त वर्षांची वॉरंटी असलेलाच घ्या.