गणित सुटलं, मिश्रण फुटलं

रासायनिक समतोलाची अट पाठ्यपुस्तकात एका ओळीत असते: प्रत्येक घटकाचं रासायनिक विभव (म्हणजे त्याची ती जागा सोडून जाण्याची ओढ) सगळ्या प्रावस्थांमध्ये, म्हणजे वायू, द्रव अशा वेगवेगळ्या रूपांमध्ये, सारखं हवं. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की समीकरणं मांडली, संगणकाला दिली, की संपलं. पण ही अट आवश्यक असली तरी पुरेशी नाही. सगळं मिश्रण एकच वायू आहे असं धरलं, तर तुलनेला दुसरी प्रावस्थाच उरत नाही. अट आपोआप पाळली जाते आणि संगणक समाधानाने थांबतो. त्याच परिस्थितीत खऱ्या मिश्रणातून मात्र द्रव वेगळा होत असू शकतो.

खरी कसोटी जोसाया विलर्ड गिब्जने 1870 च्या दशकातच सांगून ठेवली आहे: ठरावीक तापमानाला आणि दाबाला जिची गिब्ज ऊर्जा (म्हणजे उपयोगी कामासाठी मोकळी असलेली ऊर्जा) सर्वांत कमी, ती स्थिती टिकते. आता हे 'सर्वांत कमी' शोधायचं कसं?

इथली युक्ती मला फार आवडते. दोनच घटक घ्या. आडव्या अक्षावर त्यांचं प्रमाण, उभ्या अक्षावर एका मोलची गिब्ज ऊर्जा, असा आलेख काढा. आपल्या मिश्रणाच्या बिंदूवर स्पर्शिका ओढा. आता दुसरं कुठलंही प्रमाण निवडा. त्या प्रमाणातले रेणू मूळ मिश्रणातच राहिले तर त्यांच्या वाट्याची ऊर्जा किती, हे स्पर्शिकेची उंची सांगते. तेच रेणू बाहेर पडून वेगळा थेंब झाले तर किती, हे वक्राची उंची सांगते. वक्र कुठेही स्पर्शिकेखाली गेला, की थेंब होण्यात फायदा आहे, मिश्रण अस्थिर. कुठेच गेला नाही तर स्थिर. घटक वाढले की स्पर्शिकेच्या जागी प्रतल येतं, तर्क तोच.

प्रत्येक प्रमाण तपासणं अर्थातच अशक्य. डेन्मार्कच्या मायकेल मिकेल्सनने 1982 मध्ये व्यवहारी वाट दाखवली: वक्र स्पर्शिकेच्या जितका वर ते अंतर (खाली गेला तर ऋण) जिथे आजूबाजूपेक्षा कमी होतं, म्हणजे स्थानिक किमान असतं, तेवढेच बिंदू शोधा. तिथली स्पर्शिका मूळ स्पर्शिकेला समांतर असते, म्हणून शोधायला समीकरण मिळतं. ते पुनरावृत्तीने सोडवायचं, शेवटी गती हवी तर न्यूटनची पद्धत वापरायची. अस्थिरता सापडली की मग कोणती प्रावस्था किती, याचा हिशेब. त्यासाठी 1952 पासून रॅचफर्ड-राइस समीकरण आहे आणि ते सहसा त्रास देत नाही.

त्रास सुरुवातीच्या अंदाजाचा. मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड यांचं 190 केल्विन आणि सुमारे 40 बारचं मिश्रण या क्षेत्रात कुप्रसिद्ध आहे. सल्फाइड 1.87 टक्के असताना, जवळपास शुद्ध मिथेन आणि जवळपास शुद्ध सल्फाइड या दोन टोकांपासून शोध घेतला, तर पहिला बहुधा मूळ मिश्रणावरच येऊन थांबतो, म्हणजे अंतर शून्य. दुसरा थांबतो तिथे अंतर धन. निष्कर्ष: स्थिर! प्रत्यक्षात याच आलेखावर सल्फाइड सुमारे 7.7 टक्के असलेल्या प्रमाणापाशी वक्र स्पर्शिकेच्या किंचित खाली जातो आणि दोन्ही शोध त्याला चुकवतात. म्हणून 'सॉफ्टवेअरने सिद्ध केलं' असं ऐकलं की मी आधी विचारतो, शोध कुठून सुरू केला होता? दशांशचिन्हापुढचे सहा आकडे हा काही पुरावा नव्हे.

खात्री हवीच असेल तर अंतराल-गणित आहे. त्यात एका बिंदूऐवजी प्रमाणांचा अख्खा पट्टा घेतात, त्यात उत्तर असूच शकत नाही हे दाखवता आलं तर तो बाद करतात, नाहीतर त्याचे तुकडे करून पुन्हा तपासतात. काहीच निसटत नाही. मात्र घटक वाढले की वेळ बेसुमार वाढतो. तेलसाठ्याच्या सिम्युलेशनमध्ये हीच चाचणी लक्षावधी वेळा करावी लागते, त्यामुळे तिथे अजून मिकेल्सनचीच वाट धरतात, फक्त सुरुवातीचे अंदाज दोनाऐवजी जास्त घेऊन.