शालेय ग्रंथालयात बालपुस्तक कसे दाखल होते आणि कसे बाद होते : ठाणे व नवी मुंबईतील पालक, शिक्षक, प्रकाशक आणि देणगीदारांसाठी अर्ज प्रक्रियेची माहिती

शाळेच्या ग्रंथालयासाठी बालपुस्तके निवडण्याचा आणि तपासण्याचा अधिकार प्रत्यक्षात शाळेकडेच असतो. वरची कार्यालये अनुदान देतात, कधी पुस्तकांचे तयार संच पाठवतात आणि तपासणीच्या वेळी नोंदवह्या मागतात; परंतु तिसरीच्या कपाटात कोणती गोष्ट ठेवायची, हे मुख्याध्यापक, ग्रंथपाल किंवा ग्रंथालयाचा कार्यभार सांभाळणारे शिक्षक आणि शाळेने नेमलेली पुस्तक निवड समिती मिळून ठरवतात. म्हणून एखादे पुस्तक सुचवायचे असो, भेट द्यायचे असो किंवा त्यावर हरकत घ्यायची असो, छापील फॉर्म शोधत हिंडू नये. साध्या कागदावर, मुख्याध्यापकांच्या नावे, तारीख आणि सही घालून केलेला अर्ज पुरतो. मात्र अर्जाच्या दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय शाळेतून बाहेर पडू नये, कारण तोंडी सांगितलेले पुस्तक दुसऱ्या दिवशी कोणाच्याही लक्षात राहत नाही.

कायद्याचा आधार

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. गोष्टीच्या पुस्तकांचा उल्लेख तेथे वेगळा केलेला आहे, हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की मार्गदर्शके आणि प्रश्नसंच यांनी भरलेल्या कपाटाला ‘ग्रंथालय’ अशी पाटी लावणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. समग्र शिक्षा योजनेतून शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना त्यांच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदान मिळू शकते. रक्कम मोठी नाही, म्हणून तर निवड नीट व्हायला हवी.

अर्ज कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत येतो, याबद्दल नवी मुंबईत हमखास गोंधळ होतो. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात आणि नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. खारघर, कामोठे, कळंबोली हे भाग बोलण्यात नवी मुंबईचे असले तरी रायगड जिल्ह्यात आणि पनवेल महानगरपालिकेत मोडतात. त्यामुळे खारघरच्या पालकाने ठाणे जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र फिरून अलिबागला जाणार, हे ठरलेलेच. महापालिकेच्या शाळेसाठी वरचे कार्यालय म्हणजे त्या महापालिकेचा शिक्षण विभाग आणि खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक). तरीही पहिला अर्ज नेहमी शाळेतच द्यावा.

अर्ज कोण करू शकतो आणि सोबत काय जोडावे

शाळेत शिकणाऱ्या मुलाचे आईवडील किंवा पालक, शाळेतील शिक्षक, विद्यार्थी स्वतः, माजी विद्यार्थी, लेखक, प्रकाशक, विक्रेते, संस्था आणि गृहनिर्माण सोसायट्या, यांपैकी कोणीही पुस्तक सुचवू किंवा देऊ शकतो. पुस्तकावर हरकत घेण्याचा अधिकार मात्र शाळेने आपल्या नियमात पालक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापुरता ठेवावा. ज्यांचे मूल त्या शाळेत नाही, अशा मंडळींच्या पत्रांवर समिती बसवत राहिले तर वर्ष त्यातच जाते.

पुस्तक सुचवणाऱ्या पालकाने पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशन, किंमत, आपल्या पाल्याचे नाव व इयत्ता आणि हे पुस्तक कोणत्या वयासाठी व का हवे, याची दोन-तीन वाक्ये लिहावीत. आधार कार्ड, रेशन कार्ड यांच्या झेरॉक्स जोडण्याचे काहीही कारण नाही आणि शाळेनेही त्या मागू नयेत.

प्रकाशक किंवा लेखक यांनी विनंतीपत्रासोबत पुस्तकाची एक नमुना प्रत द्यावी. नुसत्या सूचीवरून निवड होत नसते. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक, प्रकाशनवर्ष, बांधणीचा प्रकार, छापील किंमत, देऊ केलेली सूट, पॅन आणि बँक खात्यासाठी रद्द केलेला धनादेश, एवढी कागदपत्रे लागतात. छापील पुस्तकांवर आणि मुलांच्या चित्रपुस्तकांवर वस्तू व सेवा कर शून्य आहे. म्हणजे बिलात पुस्तकांपुढे कराची रक्कम लावलेली दिसली, तर ते बिल तेथेच परत करावे. फक्त पुस्तकेच विकणाऱ्याकडे जीएसटी नोंदणी नसेल, तर नोंदणी का नाही याचे सहीनिशी पत्र घ्यावे.

देणगीदारांनी पुस्तकांची यादी आणि ‘शाळेने यांतील योग्य ती पुस्तके ठेवावीत, उरलेल्यांची विल्हेवाट लावावी’ असे संमतिपत्र द्यावे. हे वाक्य फार उपयोगी पडते. एका सोसायटीने आमच्याकडे ‘मुलांची पुस्तके’ म्हणून तीन गोणी पाठवल्या होत्या. उघडल्यावर त्यांत अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेची जाडजूड मार्गदर्शके, कोऱ्या पानांच्या जुन्या डायऱ्या आणि एका वॉशिंग मशीनचे माहितीपत्रक निघाले. गोष्टीची पुस्तके अकरा होती. ती अकरा मात्र उत्तम होती, आणि संमतिपत्र असल्यामुळे बाकीच्यांबद्दल कोणाचा रुसवा राहिला नाही.

पुस्तक वाचून पाहणे

समितीत मुख्याध्यापक, ग्रंथपाल, भाषेचे एक आणि प्राथमिक वर्गाचे एक शिक्षक, दोन पालक आणि वरच्या वर्गातील दोन विद्यार्थी असावेत. पालक शाळा व्यवस्थापन समितीतून घेता येतात. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. खाजगी विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघातून पालक घ्यावेत.

प्रत्येक पुस्तक किमान दोघांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावे आणि अर्ध्या पानाचा अभिप्राय नावासह लिहावा. ‘मुलांना आवडेल’ हा अभिप्राय नव्हे. कोणत्या इयत्तेला आवडेल, कोणत्या पानावर अडेल, चित्र आणि मजकूर जुळतात का, हे त्यात यावे. पहिली-दुसरीसाठी टंक मोठा आणि ओळींमधील अंतर सुटसुटीत आहे का, जोडाक्षरे एकाच ओळीत दाटली आहेत का, एखादा शब्द ओळीच्या शेवटी तोडून खाली नेला आहे का, हे डोळ्यांनी पाहून ठरते. मागच्या वेष्टनावरील ‘वयोगट ४ ते १०’ यावर विसंबू नये. चार वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या मुलांना सारखेच जमेल असे पुस्तक सहसा नसते.

मुलाला ते पुस्तक झेपते का, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे पाच बोटांची कसोटी. मधले कोणतेही पान उघडून मुलाने मोठ्याने वाचावे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे, आणि पान संपण्याआधी मूठ झाली तर ते पुस्तक आज त्याला जड आहे, असे समजावे. घणसोलीतील एका शाळेत तिसरीची एक मुलगी असे वाचत होती. ‘आश्चर्यचकित’ला एक बोट मिटले, ‘दृष्टिक्षेप’ला दुसरे. पुढे मजकुरात ‘खेकडा’ होता आणि चित्रही होते. तिने न थांबता ‘चिंबोरी’ वाचले. शेजारच्या शिक्षिका तिसरे बोट मिटवायला सांगणार होत्या, पण अभिप्रायात आम्ही ती चूक धरली नाही. आगरी-कोळी घरातले मूल छापील शब्दातून अर्थापर्यंत पोहोचले होते, आणि वाचन याहून वेगळे काय असते? याच कारणासाठी दिघ्याच्या वस्तीतील हिंदी बोलणारी मुले किंवा येऊरच्या पाड्यांवरची मुले ज्या शाळेत आहेत, तेथे परीक्षणाची प्रत त्या मुलांच्या हातात आधी द्यावी आणि मोठ्यांनी नंतर मत द्यावे.

नकाशे असलेल्या पुस्तकांबाबत एक खबरदारी कायद्यानेच घालून दिली आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. परदेशी छपाईच्या स्वस्त विश्वकोशांत आणि नकाशासंग्रहांत काश्मीर व अरुणाचल प्रदेश यांच्या सीमा हटकून चुकीच्या असतात, म्हणून ते पान प्रथम उघडावे.

बांधणी हा विषय विनोदी वाटेल, पण खाडीकाठच्या या दोन शहरांत तोच पुस्तकाचे आयुष्य ठरवतो. पिना मारलेले पुस्तक दुसऱ्या पावसाळ्यानंतर हातात घ्यावे. पिनेभोवती तांबूस वर्तुळ पडलेले असते, मधले पान सुटून आलेले असते, आणि गंजलेले टोक नेमके मुलाच्या अंगठ्याशी असते. दोऱ्याने शिवलेली प्रत पंधरावीस रुपये महाग पडली तरी तीच घ्यावी.

वाचण्याजोगे काय आहे हे कळण्यासाठी खर्चही फार नाही. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात, नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके माफक किमतीत मिळतात, आणि ठाण्यात तर १ जून १८९३ रोजी स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. एखादे पुस्तक विकत घेण्याआधी ते तेथे बसून पाहून यावे.

खरेदी आणि नोंद

समितीने मंजूर केलेली यादी ठरावात घ्यावी, रकमेनुसार आवश्यक तेवढी दरपत्रके मागवावीत आणि पुस्तके आल्यावर प्रत्येक प्रत पाने मोजून तपासावी. प्रत्येक प्रतीला दाखल नोंदवहीत स्वतंत्र क्रमांक मिळतो. बिलाच्या मागे ‘वरील पुस्तके दाखल नोंदवहीत क्रमांक अमुक ते तमुक येथे नोंदवली आहेत’ असे लिहून सही-शिक्का केल्यानंतरच बिल अदा करण्यासाठी पाठवावे. लेखापरीक्षणात पहिला आक्षेप याच वाक्याच्या अभावी निघतो.

असलेल्या पुस्तकांचा फेरआढावा

वर्षातून एकदा, शक्यतो एप्रिलच्या शेवटी सर्व पुस्तके परत आल्यावर, कपाटे रिकामी करून आढावा घ्यावा. माहितीपर पुस्तके येथे सर्वांत जास्त फसवतात. ज्या भूगोलात डहाणू, जव्हार आणि पालघर अजून ठाणे जिल्ह्यात आहेत, ते पुस्तक १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचे आहे, कारण त्या दिवशी पालघर वेगळा होऊन महाराष्ट्राचे जिल्हे ३६ झाले. ज्यात तेलंगणा नाही ते २ जून २०१४ च्या आधीचे, आणि ज्यात प्लूटो नववा ग्रह म्हणून मिरवतो ते बहुधा २००६ च्या आधीचे. गोष्टींना ही कसोटी लावू नये. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट, पान फाटले असले तरी, चिकटवून पुन्हा कपाटात जाऊ शकते.

बाद करायच्या पुस्तकांची कारणासह यादी, समितीचा ठराव, मुख्याध्यापकांची सही आणि शासकीय, महापालिका व अनुदानित शाळेत सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, एवढ्यावर निर्लेखन, म्हणजे पुस्तक नोंदीतून अधिकृतपणे कमी करणे, पूर्ण होते. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे लाल शाईने ठरावाचा क्रमांक व तारीख लिहावी, तो क्रमांक पुन्हा वापरू नये आणि रद्दीची रक्कम पावती करून जमा करावी. शाळांची माहिती दरवर्षी भरण्याच्या यू-डायस प्रपत्रात पुस्तकांची संख्या विचारली जाते, म्हणून वाळवी लागलेली पुस्तकेही मोजणीसाठी राखून ठेवण्याची प्रवृत्ती दिसते. वाळवी मात्र शेजारच्या चांगल्या पुस्तकांनाही खाते.

हरवलेल्या पुस्तकांची वसुली आपल्या पगारातून होईल या भीतीने कपाटाला कुलूप लावणाऱ्या शिक्षकांसाठी एक मोजमाप सांगतो. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचकांनी पाहिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसल्यास, वाजवी मानली आहे. हा नियम आपल्या शाळांना थेट बंधनकारक नाही, परंतु शाळेचा स्वतःचा नियम करताना त्याचा दाखला देता येतो.

हरकत घ्यायची असेल तर

हरकतीच्या अर्जात पुस्तकाचे नाव, दाखल क्रमांक, आक्षेपार्ह वाटलेली पाने, नेमके कारण आणि काय करावे अशी विनंती, हे लिहावे. शिवाय ‘मी हे पुस्तक पूर्ण वाचले आहे / वाचलेले नाही’ यांपैकी एकावर खूण करण्याची जागा शाळेने त्यात ठेवावी. आमच्याकडे भुताच्या गोष्टींच्या एका पुस्तकावर अर्ज आला होता. मुलगा रात्री मोरीत एकटा जात नाही, अशी आईची तक्रार होती आणि ती खरी होती. आईंनी ‘वाचलेले नाही’ यावर खूण केली होती. समितीने पुस्तक पुन्हा वाचले, त्यांनाही एक प्रत घरी दिली, आणि निर्णय असा झाला की पुस्तक ठेवावे, पण दुसरीच्या कपाटातून पाचवीच्या कपाटात न्यावे. त्या ताईंनी प्रत परत करताना त्याच संचातले पुढचे पुस्तक मागितले, हे इतिवृत्तात लिहिलेले नाही.

निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहावे, अर्ज आला म्हणून ते गुपचूप मुख्याध्यापकांच्या खणात जाऊ नये. तीस दिवसांत लेखी उत्तर देण्याची मुदत शाळेने स्वतःच्या नियमात घालून घ्यावी. पुस्तक ठेवणे, वरच्या इयत्तेकडे वळवणे, फक्त शिक्षकांसाठी राखणे किंवा काढून टाकणे, यांपैकी जो निर्णय होईल त्याचे कारण उत्तरात असावे. जे पुस्तक घेताना दोघांनी वाचले, ते काढताना किमान तिघांनी वाचलेले असावे, असा माझा आग्रह राहिला आहे.

उत्तर न मिळाल्यास शासकीय, महापालिका आणि अनुदानित शाळांबाबत माहितीच्या अधिकाराखाली खरेदीची यादी, अभिप्राय आणि ठरावाची प्रत मागता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा, मजकूर एकाच विषयापुरता आणि दीडशे शब्दांत ठेवावा. माहिती तीस दिवसांत मिळायला हवी, प्रतींना दर पानी दोन रुपये पडतात आणि पहिल्या अपिलाचे शुल्क वीस रुपये आहे. विनाअनुदानित शाळेत हाच विषय पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत लेखी मांडावा.

नवे पुस्तक सुचवणाऱ्यांनी अर्ज जून-जुलैतच द्यावा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अनुदान संपवण्याची घाई सुरू झाली, की विक्रेत्याकडून आलेला तयार संच न उघडताच दाखल होतो, आणि तुमचा अर्ज पुढच्या वर्षीच्या फायलीत लागतो.