सिद्धान्त कुणाच्या कामाचा?

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. त्याआधी, जानेवारी १९८४मध्ये, नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींना रास्त मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर त्याच उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या जुन्या धाटणीच्या पुस्तकात बंदर येतं, व्यापाराच्या प्रकरणात. गोळीबाराला तिथे जागा नसते. ती का नसते, हे विचारणारी विचारधारा म्हणजे चिकित्सक सिद्धान्त.

तिचं माहेर फ्रँकफर्ट. १९२३ साली तिथे समाजसंशोधन संस्था निघाली ती अर्जेंटिनातल्या धान्यव्यापारात कमावलेल्या पैशावर. भांडवलशाहीच्या चिरफाडीचा खर्च जहाजातल्या धान्याने उचलला, याची मला नेहमीच गंमत वाटते. १९३३मध्ये नाझींनी संस्था बंद पाडली, मंडळी जिनिव्हामार्गे न्यूयॉर्कला पोचली. १९३७च्या निबंधात संस्थेचा संचालक माक्स होर्कहायमरने फरक मांडला: पारंपरिक सिद्धान्त जगाकडे लांबून पाहिल्याचा आव आणतो, चिकित्सक सिद्धान्त पाहणाराही त्याच जगात उभा आहे हे कबूल करतो. पण या मंडळींचं लक्ष घरच्या समाजावर, सिनेमा-रेडिओवर. राष्ट्राराष्ट्रांमधलं राजकारण बाजूलाच राहिलं.

तिथे हा विचार रुजायला १९८१ उजाडलं. अमेरिकन अभ्यासक केनेथ वॉल्ट्झचं १९७९चं पुस्तक तेव्हा गाजत होतं: राष्ट्रांच्या डोक्यावर कुणी मालक नाही, म्हणून जो तो आपली ताकद सांभाळतो. कधीही, कुठेही हेच. याला उत्तर दिलं रॉबर्ट कॉक्सने. हा माणूस मुळात कारकुनी जगातला. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत त्याची जवळजवळ पंचवीस वर्षं गेली होती. सिद्धान्त नेहमी कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो, असं त्याने लिहिलं. एक प्रकारचा सिद्धान्त चालू व्यवस्थेतला अडथळा काढतो, दुसरा ही व्यवस्था आली कुठून असं विचारतो. कॉक्सला फ्रँकफर्टपेक्षा इटलीचा मार्क्सवादी विचारवंत ग्रामशी जवळचा. फ्रँकफर्टचा, विशेषतः तिथल्या पुढच्या पिढीतल्या हाबरमासचा, धागा पुढे नेला तो अँड्र्यू लिंकलेटरने.

वाशीत तृतीय वर्षाच्या वर्गाला हे सांगत होतो. उरणहून येणारा एक मुलगा म्हणाला, "सर, कंटेनरमुळे होणारं ट्रॅफिक कसं सोडवायचं, हा पहिला प्रकार ना?"

म्हटलं, हो.

"मग साडेबारा टक्क्यांचा भूखंड? तो कुठल्या प्रकारात?"

गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत, हे आंदोलनातून मिळालेलं, पण जमीन गेली ती गेलीच. तास संपल्याची बेल झाली तरी वर्ग भांडत होता.