मार्जिन कुठून आणायचं? पहिल्या घराच्या कर्जाची पार्श्वभूमी

‘90 टक्के कर्ज’ असे फलक कोल्हापूरजवळच्या उचगाव, कळंबा, पाचगाव भागातल्या नव्या स्कीमवर सर्रास दिसतात. ते खोटे नसतात, पण पहिलं घर घेणाऱ्याची अडचण, म्हणजे स्वतःच्या खिशातून घालायचं मार्जिन, त्या आकड्याने फारशी सुटत नाही. त्याचं कारण नियमांच्या इतिहासात आहे.

1977 साली एचडीएफसी उभी राहण्याआधी पगारदाराला घरासाठी कर्ज मिळणं दुर्मीळच होतं. लोक निवृत्तीच्या पैशांतून बांधकाम करत. 1988 मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली, पुढे व्याजदर उतरले आणि 2000 नंतर बँका गृहकर्जासाठी ग्राहकाच्या दारात येऊ लागल्या. किमतीच्या किती टक्के कर्ज द्यावं, यावर तेव्हा रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादाच नव्हती.

ती आली 2010 च्या अखेरीस. सर्वसाधारण कर्जाला 80 टक्के, 20 लाखांपर्यंतच्या कर्जाला 90 टक्के. हेतू होता वाढत्या किमतींना आणि बँकांच्या उत्साहाला लगाम घालण्याचा. नवख्या खरेदीदाराची सोय हा त्यातला उपविषय. 2012 मध्ये आणखी एक गाठ बसली. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरून कर्ज देता येणार नाही, असं ठरलं. 2015 मध्ये यातून 10 लाखांपर्यंतच्या घरांना सूट मिळाली. (त्या किमतीत शहरात काय मिळतं, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.) त्याच वर्षी 90 टक्क्यांची हद्द 30 लाखांच्या कर्जापर्यंत वाढली.

आता 32 लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरा. 90 टक्क्यांनी कर्ज 28.80 लाख, म्हणजे स्वतःचे 3.20 लाख. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण 6 टक्के, म्हणजे 1.92 लाख. नोंदणी 30 हजार, परवडणाऱ्या घरांचा 1 टक्का जीएसटी 32 हजार. बेरीज 5.74 लाख होते. खरेदी बाईच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, एवढाच दिलासा. शिवाय रेरा या बांधकाम व्यवसायाच्या कायद्याप्रमाणे बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची तर आधी करार नोंदवावा लागतो. म्हणजे मुद्रांकाचे पैसे बँकेकडून कर्जाचा पहिला हप्ता मिळण्याआधीच लागतात.

ही पोकळी इथे भिशीने, गुजरीतून (सराफ बाजारातून) घेतलेल्या सोन्याने आणि पतसंस्थेने भरून काढली. पतसंस्थेचं कर्ज मात्र सिबिलमध्ये (कर्जांच्या नोंदींच्या अहवालात) दिसलं की बँक गृहकर्जाची रक्कम कमी करते. पीएफमधून पैसे काढणं हा त्यातल्या त्यात स्वच्छ मार्ग. नागरी सहकारी बँकांना जवळचं गिऱ्हाईक नीट ठाऊक असतं, पण एका माणसाला किती गृहकर्ज द्यायचं, यावर त्यांना मर्यादा होती. 2022 मध्ये छोट्या बँकांसाठी ती 30 वरून 60 लाखांवर गेली. गुंठेवारीतल्या, म्हणजे जमिनीचे गुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटचा प्रश्न वेगळाच: तिथे कागदच अपुरे असले तर टक्क्यांची चर्चा सुरूही होत नाही.

सरकारी योजनांनी हप्त्याला हात दिला, मार्जिनला नाही. 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेतलं व्याज अनुदान, जास्तीत जास्त सुमारे 2.67 लाख, कर्ज खात्यात जमा व्हायचं. तेही कर्ज उचलल्यानंतर. 2024 च्या दुसऱ्या टप्प्यात ते कमाल 1.80 लाख आहे आणि पाच वार्षिक हप्त्यांत मिळतं.