टर्नटेबल अपग्रेड

टर्नटेबल अपग्रेड म्हणजे आहे तोच रेकॉर्ड प्लेअर ठेवून त्याचे एकेक भाग काढायचे आणि त्या जागी चांगले भाग बसवायचे. सुई, कार्ट्रिज (सुईच्या हालचालीचा विजेचा सिग्नल करणारी छोटी डबी), बेल्ट, मॅट (रेकॉर्डखालचं अस्तर), सब-प्लॅटर (फिरत्या थाळीखालचा, बेल्ट बसतो तो भाग), काउंटरवेट (आर्मच्या मागचं वजन), टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा), मोटरचा पॉवर सप्लाय, असं काहीही. हे सगळं एवढ्यासाठी की रेकॉर्डच्या खाचेत जे कोरलंय ते पूर्ण वाचलं जावं आणि मशीनची स्वतःची थरथर त्यात कमीत कमी मिसळावी. सुईने जे उचललंच नाही ते पुढे कितीही भारी ॲम्प्लिफायर लावला तरी परत येत नाही, म्हणून खर्चाची सुरुवात सुईपासून करावी हे मत बऱ्याच जणांचं आहे आणि ते बरोबर आहे.

पण सुईच्याही आधी एक फुकटातलं अपग्रेड असतं, ते म्हणजे सेटिंग. कार्ट्रिज थोडं तिरकं बसलं असेल, सुईवरचं वजन कमी पडत असेल तर नवी सुईसुद्धा वाईटच वाजते. पिव्होटवर, म्हणजे एका टोकाच्या खुंटीभोवती, फिरणारा आर्म वर्तुळाच्या चापात सरकतो, आणि रेकॉर्ड कापणारी सुई मात्र सरळ रेषेत सरकलेली असते, त्यामुळे अख्ख्या बाजूवर दोनच जागी कोन अचूक जुळतो. बेअरवाल्ड या अभ्यासकाच्या प्रचलित हिशोबाने मधल्या भोकापासून अंदाजे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. प्रोट्रॅक्टर (रेषा आखलेली मापपट्टी) ठेवून या दोन जागी कार्ट्रिज रेषेला समांतर आणायचं, मग काट्यावर वजन बघायचं (बहुतेक एमएम, म्हणजे आत चुंबक हलणाऱ्या, कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास लागतं, नेमका आकडा कंपनीचाच घ्यावा), मग अँटिस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेली उलटी ओढ), आणि टर्नटेबल लेव्हलमध्ये आहे ना ते. हलकं वजन म्हणजे रेकॉर्डची काळजी असा समज आहे तो उलटा आहे, कमी वजनाची सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते.

सुईचा आकार हा या विषयाचा गाभा. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते, कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर जाते आणि लेबलजवळ जेमतेम २१, म्हणजे तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. गोल टोकाची कॉनिकल सुई त्या बारीक वळणांत शिरतच नाही, आणि मग बाजूच्या शेवटच्या गाण्यात गायकाचे ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे येतात. इलिप्टिकल सुई कडेने पातळ असते म्हणून बरी, आणि मायक्रोलाइन किंवा शिबाता त्याहून पुढे, त्या खाचेच्या भिंतीला उभ्या लांब पट्टीत टेकतात. शिबाता सुई १९७० च्या दशकात जपानमध्ये चार चॅनेलच्या रेकॉर्डसाठी काढली होती, ते रेकॉर्ड गेले, सुई राहिली. आणखी एक फरक म्हणजे बॉन्डेड आणि न्यूड. बॉन्डेडमध्ये धातूच्या दांडीवर हिऱ्याचं फक्त टोक चिकटवलेलं असतं, न्यूडमध्ये अख्खा हिराच, त्यामुळे हलणारं वजन कमी. बऱ्याच एमएम कार्ट्रिजची सुई बोटाने ओढून निघते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच बॉडीवर कॉनिकलपासून शिबातापर्यंतच्या सुया बसतात, ऑर्टोफॉन टूएम रेडच्या बॉडीवर ब्लूची सुई लागते. पाच मिनिटांचं काम आहे आणि इतका फरक दुसऱ्या कुठल्याच भागाने पडत नाही.

पूर्ण कार्ट्रिज बदलायचं तर आर्मशी जमतंय का ते आधी बघावं लागतं. आर्मचं इफेक्टिव्ह मास (हलताना जाणवणारं वजन), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज, तिला कंप्लायन्सने (सुईचं सस्पेन्शन किती लवचिक आहे तो आकडा) गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि १५९ ला त्याने भागायचं, येतो तो रेझोनन्स, म्हणजे आर्म आणि कार्ट्रिज मिळून आपसूक डुलतात ती फ्रीक्वेन्सी, हर्ट्झमध्ये. ११ ग्रॅमचा आर्म, ७ चं कार्ट्रिज, १ चे स्क्रू, कंप्लायन्स २० धरला तर साधारण ८ हर्ट्झ. ८ ते १२ मध्ये आलं की छान, खाली गेलं तर वाकड्या रेकॉर्डवर वूफरचा कागद आत-बाहेर डुलताना दिसतो. जपानी कंपन्या कंप्लायन्स बहुधा १०० हर्ट्झला मोजून देतात, तो आकडा तसाच घेतला तर हिशोब चुकतो, दीडपट ते दुप्पट धरावा. डेनॉनचं डीएल-१०३ हे कार्ट्रिज १९६० च्या दशकातलं, कडक सस्पेन्शनचं, ते हलक्या आर्मवर खुलत नाही. शिवाय ते एमसी (यात चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी हलते), एमएम ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं तिथे लो-आउटपुट एमसी अर्ध्या मिलिव्होल्टच्या खाली, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा फोनो स्टेजही त्या ताकदीचा हवा. कार्ट्रिजच्या वायरी लावताना पांढरी-निळी डाव्या चॅनेलची, लाल-हिरवी उजव्या, आणि वायरी चिमट्याने पिनवर अलगद ढकलायच्या, जोर लावला की हेडशेलची (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसतं तो भाग) केसासारखी तार तुटते.

मोटर आणि प्लॅटरकडे (फिरत्या थाळीकडे) यानंतर वळावं. जुना बेल्ट सैल पडला की पियानोचा लांबलेला सूर डळमळतो, तो बदलणं स्वस्त आणि लगेच ऐकू येणारं काम. एसी सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतो, व्होल्टेजवर नाही, त्यामुळे साधा स्टॅबिलायझर लावून वेग सुधारत नाही, आणि ६० हर्ट्झची पुली ५० वर चालवली तर सगळंच सुमारे १७ टक्के हळू. क्वार्ट्झ वेग-नियंत्रण असलेल्या डायरेक्ट ड्राइव्हला (बेल्टशिवाय मोटरच थाळी फिरवते ते), उदाहरणार्थ १९७९ च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ ला, वेगाचं अपग्रेड सहसा लागतच नाही, तिथे पैसे कार्ट्रिजवर घालावेत. बेल्ट ड्राइव्हमध्ये मात्र या वाटेला अंत नाही. स्कॉटलंडच्या लिन कंपनीचं सोंडेक एलपी१२ १९७० च्या दशकापासून त्याच रूपात चालू आहे आणि त्यात वल्हाला, लिंगो असे पॉवर सप्लाय, नवं बेअरिंग, कील नावाची सब-चॅसी (थाळी आणि आर्म पेलणारी आतली चौकट) असं टप्प्याटप्प्याने घालत लोकांनी दशकं काढली. रेगाच्या टर्नटेबलांना प्लास्टिकच्या जागी ॲल्युमिनियमचा सब-प्लॅटर लावतात, तो नीट खरादलेला असेल तर वेग स्थिर होतो. मॅटचं म्हणाल तर फेल्ट, कॉर्क, रबर यांचा फरक आहे पण छोटा, आणि जाडी बदलली की आर्मची उंची परत लावावी लागते हे बरेच जण विसरतात.

एका वेळी एकच भाग बदलावा, आणि दर वेळी तेच गाणं ऐकावं, शक्यतो बाजूचं शेवटचं, ज्यात ‘स’ भरपूर आहेत.