घरातलं वैद्यकीय यंत्र आणि खिशातला मोबाइल
(आमच्याकडून उपकरणे भाड्याने किंवा विकत नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, बायपॅप किंवा सिरिंज पंप बसवायला आमची माणसं पुण्यात कुठेही गेली, तरी घरचे हमखास विचारतात, "आता मोबाइल बंद ठेवायचा का?" नाही. मोबाइल चालूच राहू द्या, फक्त तो कुठे ठेवता तिकडे लक्ष द्या.

आधी पेसमेकरबद्दल. आम्ही तो विकत नाही, पण आमच्या ग्राहकांपैकी अनेकांना बसवलेला असतो. तो बहुधा छातीच्या डाव्या बाजूला वर असतो आणि शर्टाचा खिसाही डावीकडेच. फोनच्या लहरींपेक्षा इथे चुंबकाची काळजी जास्त. पेसमेकर आणि आयसीडी (ठोके धोकादायक बिघडले की हृदयाला शॉक देणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) या यंत्रांना चुंबक ओळखता येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी वरून चुंबक ठेवून त्यांचं काम तात्पुरतं बदलता यावं, म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते. २०२० साली आलेल्या आयफोन १२ मध्ये चार्जिंगसाठी चुंबकांचं कडं आहे. तो छातीशी नेल्यावर आयसीडीची शॉक देण्याची क्षमता थांबते, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं. फोन दूर नेला की यंत्र पूर्ववत होतं, पण नेमके तेवढ्यातच ठोके बिघडले तर शॉक मिळणार नाही.

एफडीए या अमेरिकेच्या औषध आणि वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने सांगितलेलं अंतर आहे १५ सेंटिमीटर. आम्ही सरळ 'एक वीत' सांगतो, म्हणजे पट्टी शोधायला नको आणि थोडं जास्तच अंतर राहतं. फोन पँटच्या खिशात किंवा पिशवीत ठेवा, आणि बोलताना यंत्राच्या उलट बाजूच्या कानाला लावा. गळ्यात अडकवायचा पाऊच नको. छातीवर फोन ठेवून कीर्तन ऐकत झोपायची सवय आजोबांना असेल, तर ती कृपया मोडा. बुधवार पेठेत मिळणारी चुंबकाची फ्लिप कव्हरं आणि इअरबड्सची डबीसुद्धा याच नियमात येतात.

घरी लावलेला पंप, व्हेंटिलेटर किंवा मॉनिटर यांच्यापासून फोन सुमारे एक मीटर लांब ठेवावा. यंत्रावर फोन ठेवून चार्जिंगला लावणं तर नकोच. रेंज कमी असेल तिथे फोन जास्त ताकदीने लहरी सोडतो. त्यामुळे जुन्या वाड्यातल्या जाड भिंतींच्या आतल्या खोलीत हे अंतर अधिक कटाक्षाने पाळा. होल्टर (हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं, अंगावर लावायचं छोटं यंत्र) लावलेल्या दिवशी फोन रेकॉर्डरच्या किंवा वायरींच्या जवळ नको. नोंदीत खरखर आली तर तपासणी पुन्हा करावी लागू शकते.

दंडावरच्या ग्लुकोज सेन्सरचं मात्र उलट आहे. तो ब्लूटूथने फोनशी बोलतो. फोन दुसऱ्या खोलीत राहिला किंवा ब्लूटूथ बंद झालं, तर साखर उतरल्याची सूचना वेळेवर मिळणार नाही. हा फोन रात्री उशाजवळच हवा.

यंत्राचा अलार्म वाजला तर तो बंद करण्याआधी रुग्णाकडे बघा: श्वास, शुद्ध, ओठांचा रंग. मग फोन बाजूला करा. रुग्ण अस्वस्थ वाटला तर आमची वाट न पाहता १०८ ला फोन लावा. आम्हाला नंतर कळवलंत तरी चालेल.